खुर्चीच्या पाठीवरचा हात

सकाळी सव्वादहाच्या सुमाराला वजनवालीच्या हातून स्टीलचा ट्रे पडला आणि बाकांवरची सगळी पोरं एकदम दचकली. एक तान्हं झोपेतून उठून किंचाळायला लागलं, एकाच्या हातातलं बिस्किट खाली पडलं, एक बाप स्वतःच दचकला आणि मुलाला ‘काही नाही, काही नाही’ म्हणून थोपटायला लागला. खिडकीजवळच्या बाकावर गुडघे टेकून, काचेला नाक लावून बाहेर बघणारी एक मुलगी मात्र तशीच बाहेर बघत राहिली. निळा फ्रॉक, दोन बारक्या वेण्या, तीनेक वर्षांची. ट्रे फरशीवर दोनदा गरगरला आणि मग खडखडत थांबला. तेवढ्या वेळात तिची वेणीसुद्धा हलली नाही. मी रजिस्टर घेऊन दारात उभी होते. मी ते बघितलं, आणि लगेच स्वतःची समजूत घातली की पोरं अशी असतात, रमली की रमली. सत्तावीस वर्षं पोरांमध्ये काढल्यावर माणसाकडे समजुतींचा साठा भरपूर असतो. एक नाही तर दुसरी लागू पडतेच.

आमचं केंद्र म्हणजे एक लांबट हॉल आणि त्याला लागून तीन खोल्या. पहिलीत वजन-उंची घेणारी वजनवाली, दुसरीत लस, तिसरीत मी. डॉक्टर हॉलच्या टोकाला, छोटा कॉरिडॉर ओलांडून, पार्टिशनच्या दारामागे. मूल जन्मल्यापासून पाच वर्षांचं होईपर्यंत इथे येत राहतं: मान धरली का, बसलं का, बोट करून दाखवतं का, बोलतं का. जन्मल्याबरोबर यंत्राने कान तपासायची सोय मोठ्या इस्पितळात आहे, आमच्याकडे नाही. आमच्याकडे मी आहे आणि एक खुळखुळा आहे. नऊ महिन्यांचं मूल आईच्या मांडीवर बसवायचं. समोर वजनवाली बसते, लाल चेंडू नाचवून त्याचं लक्ष धरते आणि मग चेंडू हळूच मुठीत झाकते. त्याच क्षणी मी मागून, मुलाला दिसणार नाही अशी खाली बसून, त्याच्या कानाच्या उंचीवर हातभर अंतरावरून खुळखुळा हलवते. मूल आवाजाच्या बाजूला वळलं की तो कान चांगला. मग दुसरी बाजू. मग खुळखुळ्याऐवजी कपात चमचा, मग नुसती गुणगुण. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण यात फसायच्या जागा फार. ऊन तिरपं असलं की आपली सावली आपल्याआधी पोचते. बूट करकरले तर मूल बुटांना वळतं. अंगाला वास असला तर वासाला वळतं. म्हणून मी सत्तावीस वर्षं सुवासिक तेल लावलेलं नाही, पावडर लावलेली नाही, मऊ तळव्यांचे बूट घालते, आणि कानांच्या दिवशी खिडकीचा पडदा माझ्या हाताने ओढते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवऱ्याने अत्तराची बाटली आणली होती, त्यातलं अत्तर कपाटात तसंच उडून गेलं. ‘तुझ्या त्या पोरांपायी घराला वाससुद्धा नाही,’ असं तो म्हणायचा. आता म्हणत नाही. आता तो टीव्ही मोठ्याने लावतो आणि मी म्हणते, जरा कमी करा, दिवसभर कान वापरून आले आहे.

अकराच्या सुमाराला ती निळ्या फ्रॉकवाली माझ्याच खोलीत आली. बरोबर आई, आईच्या हातात फाइल, फाइलवर डॉक्टरांची चिठ्ठी: ‘वय तीन, एकही शब्द नाही. कान पूर्वी तपासलेले, ठीक. पुन्हा बघावे.’ आईला मी चेहऱ्यावरून ओळखलं नाही. ओळखलं ते तिच्या कॉलरला उलट्या बाजूने टोचलेल्या टाचण्यांवरून. कपडे उसवून बेताचे करून देण्याचं काम ती घरी बसून करते. दीड वर्षापूर्वी आली होती तेव्हा बोलता बोलता टाचणी काढून ओठांत धरायची आणि मग लक्षात आल्यावर ओशाळून काढायची. आता कॉलरवर चारच टाचण्या होत्या. मी फाइल उघडली. पहिल्याच पानावर माझं अक्षर. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत त्याला बक्षीस मिळालं होतं. ‘नऊ महिने. दोन्ही कान: प्रतिसाद चांगला, तत्पर.’ खाली सही. दोन पानं उलटल्यावर परत माझंच अक्षर: ‘दीड वर्ष. शब्द नाहीत. श्रवण पूर्वी तपासले, ठीक. आई कामात असते, मितभाषी. घरात बोलणे वाढवावे.’ तत्पर हा शब्द मी वापरला होता. मी सहसा तत्पर लिहीत नाही.

“सिस्टर, तुम्ही सांगितलेलं सगळं केलं मी,” आई म्हणाली. तिचा आवाज घोगरा होता, घशातून खरवडून काढल्यासारखा. “काम निम्मं केलं. टाचण्या तोंडात धरायच्या सोडल्या. सकाळपासून बोलते. हे बघ बटण, हा बघ धागा, हा बघ बाबांचा शर्ट. भांडी घासताना बोलते, रस्त्याने बोलते. लोक बघतात. रात्रीपर्यंत घसा बसतो. ही बघते माझ्याकडे, हसते, पण एक शब्द नाही.” मुलगी तोवर माझ्या टेबलाखालच्या टोपलीतले ठोकळे एकावर एक रचत होती, रंगांप्रमाणे. “सासूबाई म्हणतात, आई घुमी म्हणून पोर घुमी. त्यांचं चुकतंय असंही नाही, माहेरीसुद्धा मला घुमीच म्हणायचे. तुम्हीही तेच म्हणाला होतात ना.” मी असं म्हणाले नव्हते. मी म्हणाले होते, अगं, तोंडातल्या टाचण्या काढ आणि पोरीशी बोल, मूल काय आपोआप बोलतं होय? हसत म्हणाले होते. बाहेर बाकांवर बसलेल्या दोघीही हसल्या होत्या. सल्ला देताना जरा गंमत केली की तो लक्षात राहतो, असं मी नव्या मुलींना शिकवते. लक्षात राहिला होता खरा.

“नाव काय हिचं लाडाचं?” मी विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं होतं. “ठमी,” ती म्हणाली. “लहान असताना गुटगुटीत होती.” ठमीने चौथा ठोकळा ठेवला आणि आईकडे बघितलं. आवाजाला नव्हे, आईचे ओठ हलले म्हणून. हे मला तेव्हा दिसलं की मी नंतर मनात भरलं ते आता सांगता येणार नाही. दिसणं ही गोष्ट फार उशिरा सुरू होते. आपण रोज पंचवीस पोरं बघतो म्हणजे पंचवीस कागद बघतो, आणि कागदावर आधीच्याने ‘ठीक’ लिहिलेलं असलं, आणि तो आधीचा म्हणजे आपणच असलो, की मग बघायचं उरतंच काय. माझी आई म्हणायची, आपला तो बाळ्या. मला वाटायचं ते मुलांबद्दल आहे. ते सह्यांबद्दलही आहे.

तीन वर्षांच्या मुलाला खरं तर आम्ही निराळ्या रीतीने तपासतो. आवाज आला की ठोकळा टोपलीत टाक, असं सांगतो. पण ज्याला सांगितलेलं पोचतंच की नाही याची शंका आहे त्याला सांगणार काय, म्हणून मी जुनीच रीत धरली. पडदा ओढला. वजनवालीला हाक मारून समोर बसवलं. आईला खुर्चीत बसवलं, ठमीला तिच्या मांडीवर, तोंड समोर. आमची खुर्ची हलकी आहे, पत्र्याच्या पायांची, पाठीला लोखंडी नळी. मी मागे गेले. आता इथे माझ्या गुडघ्याबद्दल सांगायला हवं. अडीच वर्षांपूर्वी बसमधून उतरताना उजवा गुडघा मुरगळला, तो पुन्हा धड झाला नाही. आधी मी मुलांच्या मागे बेडकासारखी टुणकन खाली बसायची, कशाला हात न लावता; नव्या मुलींना ते दाखवताना मला अभिमान वाटायचा. गुडघा गेल्यापासून खाली जाताना कळ निघते, डोळ्यांपुढे पांढरं होतं, आणि हात आपोआप आधार शोधतो. हाताला कोणी शिकवावं लागत नाही. घरी तो ओट्याची कड धरतो, जिन्यात कठडा. इथे काय धरत होता ते मी कधी बघितलंच नव्हतं, कारण त्या वेळी माझे डोळे मुलाच्या कानाकडे असतात.

वजनवालीने चेंडू नाचवला, झाकला. मी उजव्या बाजूने खाली गेले. गुडघ्यात कळ आली, नेहमीची. आणि खुळखुळा अजून माझ्या मुठीत गप्प होता, दाणे खाली बसलेले, मी मनगट वळवायच्या बेतात होते, तोवर ठमी वळली. अगदी झटकन, तत्पर. माझ्याकडे बघून हसली. “वळली की!” वजनवाली म्हणाली. आईने मोठा श्वास सोडला. मी म्हणाले, “थांबा.” मी खुळखुळा हलवलाच नव्हता. मी माझ्या डाव्या हाताकडे बघितलं. तो खुर्चीच्या पाठीच्या नळीवर होता, उजव्या कोपऱ्यावर, सगळा भार टाकून. खुर्ची त्या बाजूला बोटभर कलली होती, आई तिच्याबरोबर कलली होती, आणि आईच्या मांडीवरचं मूल कलत्या बाजूला वळलं होतं. तेवढं साधं होतं ते. डाव्या बाजूला जाताना मी डावा कोपरा धरणार होते आणि ती डावीकडे वळणार होती. सावली नको, वास नको, करकर नको म्हणून सत्तावीस वर्षं जपलं आणि अख्खी खुर्ची हलवत राहिले. उंदीर मारायला घरभर सापळे लावावे आणि दार उघडं टाकावं, तशातली गत.

मी हात काढला. भिंतीला पाठ लावून, दातांवर दात ठेवून खाली बसले, कशालाही न धरता. खुळखुळा हलवला. उजवीकडे, डावीकडे. जोरात हलवला. कपात चमचा वाजवला, कप फुटेल इतका. ठमी वजनवालीच्या मुठीकडे बघत होती, चेंडू कुठे गेला म्हणून. एकदा आईच वळली, आवाजाला. “आता का नाही वळत?” आईने विचारलं. मी म्हणाले, जरा बाहेर बसा, मी डॉक्टरांशी बोलून येते. दारातून जाताना वजनवाली कुजबुजली, “मोठ्या सिस्टर, आधी तर वळली होती.” मी तिला म्हणाले, “मंगळवारी मी सुटीवर असते तेव्हा तू करतेस ना कानांचं? करून दाखव मला, मी मागे कशी बसते ते.” ती हसली आणि रिकाम्या खुर्चीमागे गेली. तिचे गुडघे पंचवीस वर्षांचे आहेत, तिला कशाच्या आधाराची गरज नाही. ती खाली बसली आणि तिचा डावा हात खुर्चीच्या नळीवर गेला, उजव्या कोपऱ्यावर, नेमका माझ्यासारखा. तिला वाटत होतं तीच पद्धत आहे. कॉरिडॉरमध्ये मी थोडा वेळ नुसती उभी राहिले आणि मला घरी जाऊन झोपावंसं वाटलं, दोन दिवस, कोणी हाक मारू नये इतकं.

डॉक्टर माझ्या भाचीच्या वयाची आहे. हुशार आहे, मायाळू आहे, आणि रोज तीन वाजेपर्यंत तिच्या चहाच्या कपात सकाळचाच चहा असतो. तिने सगळं ऐकलं, ठमीला आत बोलावून स्वतः टाळ्या वाजवून बघितल्या, मोठ्या इस्पितळासाठी पत्र लिहिलं, फोन करून चार दिवसांनंतरची वेळ मिळवली. मग आई-मुलीला परत बाहेर बसवून दार लोटलं आणि म्हणाली, “सिस्टर, हे बघा. नऊ महिन्यांची असताना हिला ऐकू येत असेल. नंतर ताप आला असेल, कानात काही झालं असेल. ऐकू येणं नंतरही जातं. होतं असं.” मी म्हणाले, होतं. “मग तसंच समजा. आईलाही तसंच सांगू. तिला आता पुढचं बघायचंय, मागचं उकरून तिच्या पदरात काय पडणार?” ती खोटं बोलत नव्हती. ती मला एक दार उघडून देत होती, आणि त्या दाराच्या पलीकडे माझी खुर्ची, माझं अक्षर, माझी सत्तावीस वर्षं सगळं जिथल्या तिथे होतं. मला तिचा इतका आधार वाटला की डोळे भरून आले. आधारच वाटला, आणि आधार म्हटल्याबरोबर मला माझा हात आठवला. मी कपाटातून अडीच वर्षांची कानांची रजिस्टरं काढली, चार होती, आणि तिच्या टेबलावर ठेवली. “ही सगळी मुलं परत बोलवावी लागतील,” मी म्हणाले. “मंगळवारचीही.” तिने पहिलं रजिस्टर उघडलं, माझ्या सुबक अक्षरातली ‘ठीक’, ‘ठीक’, ‘ठीक’ बघितली आणि कपाळ हातात धरलं. “त्या आईला मात्र तुम्ही काही सांगू नका,” ती शेवटी म्हणाली. “आज तरी नको.”

आज तरी नको. हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याला रात्री खोकला यायचा, कोरडा, कुत्रं भुंकल्यासारखा, आणि मी इथून दिवसभर परक्या पोरांच्या छात्या तपासून घरी जायची आणि म्हणायची, आज तरी नको, उद्या बघू. लोकाची पोरं धड आणि घरचं कण्हत पडलेलं. तो बरा झाला, आता दूर गावी नोकरी करतो, फोनवर चांगलं बोलतो. पण एकदा गमतीत म्हणाला होता, आई, तुझ्याकडे यायला मला केस पेपर काढावा लागायचा. मी हसले होते. दमलेल्या माणसाला बरीच वाक्यं गमतीत काढता येतात. त्या कॉरिडॉरमध्ये, भिंतीवर रंगवलेल्या जिराफाला टेकून, मी हिशेब करू लागले तो माझ्या सुटकेचाच: सांगितलं नाही तर काय होईल? मुलीला कानाचं यंत्र मिळेल, ते तर मिळणारच आहे. उशीर झाला तो झाला. आई चार दिवसांनी मोठ्या इस्पितळात जाईल, तिथले लोक सांगतील की बाई, मूल बहिरं आहे, आणि ती विचारेल की नऊ महिन्यांची असताना तर ठीक होती, मग कशाने झालं? ताप कधी आला होता, याची ती आठवण काढत बसेल. कुठल्या दिवशी आपण कामात होतो, टाचण्या तोंडात होत्या आणि पोरीचं अंग तापलं तरी कळलं नाही. तिला असा एखादा दिवस सापडेलच. सगळ्या आयांना सापडतो. घुमेपणाचं ओझं उतरेल आणि त्या जागी तापाचं येऊन बसेल, आणि ते मी माझ्या हाताने तिच्या डोक्यावर ठेवलेलं असेल. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, हे एकदा करून झालं होतं. दुसऱ्यांदा करायला माझ्या अंगात ताकद नव्हती. मला चांगुलपणा वगैरे सुचला असं नाही. खोटं सांभाळायला जो उत्साह लागतो तो उरला नव्हता.

मी त्या दोघींना परत माझ्या खोलीत घेतलं आणि दार लावलं. ठमी सरळ ठोकळ्यांकडे गेली. मी आईच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ, आणि सांगितलं. सगळं सांगितलं: गुडघा, नळी, कलणारी खुर्ची. मी तिला नेहमी अगंतुगं करते, सगळ्याच पोरसवदा आयांना करते, पण तेव्हा तोंडातून ‘तुम्ही’ येत होतं. “तुमच्या मुलीला तेव्हाही ऐकू येत नसावं. मी बघितलं ते चुकीचं बघितलं. आणि दीड वर्षाची असताना तुम्ही विचारायला आलात, तेव्हा मी परत तपासायला हवं होतं. तपासलं नाही. फाइल बघितली आणि तुम्हाला बोल लावला. तुम्ही कमी बोललात म्हणून यातलं काहीही झालेलं नाही.” ती रडेल असं मला वाटलं होतं, किंवा ओरडेल. मी त्याची तयारी करून बसले होते. ती म्हणाली, “खुर्ची हलायची, ते मला कळलं होतं.” मी मान वर केली. “तेव्हा. तुम्ही मागे गेलात की खुर्ची हलायची. मला वाटलं, तसंच असतं.”

हॉलमध्ये लस टोचलेलं कुणीतरी पोर रडत होतं, आई त्याला गाणं म्हणत होती, तेच कडवं परत परत. “सव्वादोन वर्षं,” ती म्हणाली. राग तिच्या आवाजात नव्हता, हातात होता. फाइलची कड ती बारीक बारीक दुमडत होती, शिवणीची पट्टी घालावी तशी. “त्यातलं दीड वर्ष बोलून बोलून घसा गेला माझा. नवरा म्हणायचा, झोपेतही बोलतेस. सासूबाईंसमोर मी मुद्दाम मोठ्याने बोलायची, त्यांना कळावं म्हणून.” मी म्हणाले, मी येते तुमच्या घरी, सासूबाईंना मी सांगते. ती एकदम म्हणाली, “नको. तुम्ही लिहून द्या.” मी तिच्यादेखत फाइलमध्ये लिहिलं, माझ्याच जुन्या सहीखाली. तपासणी सदोष होती, चूक माझी, आईकडून कोणतीही कसूर नाही. तारीख घातली. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. तिने ते वाचलं, बोट फिरवत, दोनदा. मग फाइल मिटली, पण उठली नाही.

“एक विचारू?” ती म्हणाली. विचारताना माझ्याकडे नव्हे, मुलीकडे बघत होती. “म्हणजे तिने माझं काहीच ऐकलेलं नाही?” मी म्हणाले, यंत्राने तपासतील तेव्हा नक्की कळेल, थोडंफार ऐकू येत असेल एखाद्या कानाला, पण बोलणं नाही. बोललेलं तिच्यापर्यंत गेलं नसणार. “कुठलंच?” “कुठलंच नाही.” तिने कॉलरवरची टाचणी काढली, परत टोचली. “मी तिला एक वाक्य बोलले आहे. तीन-चारदा बोलले. दिवसभर बोलून बोलून संध्याकाळी डोकं फिरायचं आणि ही नुसती हसायची. आधी तिच्याकडे पाठ करून बोलले, मग एकदा समोर उभं राहून. मला वाटायचं, कळतंय हिला सगळं, बोलत नाही ती हट्टाने, मला छळायला.” तिचा आवाज इतका बसला की मला पुढे वाकावं लागलं. “ते नाही ना ऐकलं तिने?” “नाही,” मी म्हणाले. “नक्की?” मी म्हणाले, “नक्की.” तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. “तेव्हाही तुम्ही नक्कीच म्हणाला होतात.”

ती उठली. ठमीला उचलून तिने खुर्चीत बसवलं, एकटीला. खुर्ची मोठी होती, पाय अधांतरी लोंबत होते. “तुम्ही समोर बसा,” ती मला म्हणाली, “मी मागे जाते.” मी स्टूल ओढलं, लाल चेंडू घेतला. पडदा अजून ओढलेलाच होता. ठमीने माझ्याकडे बघितलं, हसली, हात पुढे केला. मी चेंडू नाचवला. मागे तिची आई हातभर अंतरावर उभी राहिली, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, खुर्चीला कुठूनही लागणार नाही अशी. तिने बूट काढून ठेवले होते. ते मी सांगितलं नव्हतं. इतक्या आया मी या खोलीत बघितल्या, मूल वळावं म्हणून श्वास रोखून बसलेल्या, मुलाच्या आधी स्वतः वळणाऱ्या, एखादी तर गुडघ्याने मुलाला हळूच ढकलणारी. मूल वळू नये म्हणून उभी राहिलेली आई मी पहिल्यांदाच बघत होते. आणि तिच्याइतकंच मलाही ते वाटत होतं, याची मला शरम वाटली. मी चेंडू मुठीत झाकला.

“तू झालीच नसतीस तर बरं झालं असतं,” आई म्हणाली. साध्या आवाजात, घरात बोलावं तसं. ठमी माझ्या मुठीकडे बघत होती. आईने खोल श्वास घेतला आणि तेच वाक्य परत म्हटलं, मोठ्याने, घसा फाटेल इतक्या मोठ्याने. हॉलमधलं गाणं एकदम थांबलं. दार ढकलून वजनवाली डोकावली, मी तिला मानेने परत पाठवलं. ठमीने माझी मूठ धरली आणि एकेक बोट उघडायला लागली. तिची मान हलली नव्हती, डोळे हलले नव्हते, पापणीसुद्धा लवली नव्हती. मी आईकडे बघून मान हलवली: नाही. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते, आवाज येत नव्हता. मला वाटलं, झालं. मी उठायला लागले, गुडघ्यावर हात ठेवून.

“थांबा,” ती म्हणाली. “अजून एक.” तिने तोंड पुसलं, परत तशीच सरळ उभी राहिली, हात पाठीमागे. मी बसले. ठमीच्या हातातून चेंडू घेऊन परत नाचवला, परत झाकला. “माझी शहाणी बाळी ती,” आई मागून म्हणाली. “माझी सोनी. कुणाची आहेस तू? सांग, कुणाची आहेस?” हे ती रोज म्हणत असणार, शब्द गुळगुळीत झाले होते. ठमीने माझं पहिलं बोट उघडलं, मग दुसरं. आईने ते परत म्हटलं. मुलीने चेंडू काढून घेतला आणि तो मला दाखवत, सापडला म्हणून, खुदकन हसली. मागे तिची आई तेच म्हणत राहिली, कुणाची आहेस तू, कुणाची आहेस, आणि मी तिला थांबवलं नाही.